निरोप कुणाचा, कुणासाठी

ऑफिसात फोन वाजतो. कुणी उचलत नाही. चार-पाच घंट्यांनंतर तो व्हॉइसमेलकडे वळतो, फोन करणारा निरोप ठेवतो, आणि टेबलावर परतलेल्या माणसाला फोनवरचा लाल दिवा लागलेला दिसतो. वापरणाऱ्याच्या दृष्टीने काम एवढेच आहे. पण यातला फोन पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेल्या ईपीएबीएक्सचा, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजचा, असेल आणि निरोप साठवणारी यंत्रणा लॅनवरच्या सर्व्हरमध्ये असेल, तर या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ काही जुळून यावे लागते. ते कसे जुळवायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे. एमडीएफसमोर, म्हणजे टेलिफोनच्या तारा जोडण्याच्या चौकटीसमोर, पंचिंग टूल घेऊन उभे राहणारे टेक्निशियन, ‘आता टेलिफोनचेही तुम्हीच बघा’ असे एके दिवशी ज्यांना सांगण्यात आले ते नेटवर्कचे इंजिनिअर, आणि नव्या यंत्रणेच्या कोटेशनवर सही करण्याआधी ज्यांना दोन प्रश्न विचारायचे असतात ते अ‍ॅडमिनचे अधिकारी, अशा तिघांसाठी ते लिहिले आहे.

पहिल्याच पानावर एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढची सगळी प्रकरणे तिच्यावर उभी आहेत. या कामात आवाज नेणे अवघड नाही. 1975 साली नॉर्दर्न टेलिकॉमचे एसएल-1 आणि रोल्म कंपनीचे सीबीएक्स बाजारात आले, तेव्हापासून ईपीएबीएक्सच्या पोटात आवाजाचे आकडेच फिरत आले आहेत. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत सेकंदाला 8000 नमुने, प्रत्येक नमुना 8 बिटांचा, म्हणजे सेकंदाला 64,000 बिट. आयपीवर जाताना गेटवे, म्हणजे ईपीएबीएक्स आणि लॅन यांना जोडणारे यंत्र, हेच आकडे 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बांधतो. एका तुकड्यात 160 बाइट आवाज, वर 40 बाइटचे पत्ते-क्रमांक, आणि असे 50 तुकडे दर सेकंदाला. आजच्या कुठल्याही लॅनला हे ओझे जाणवतही नाही.

अवघड असते ते आवाजाबरोबरची माहिती नेणे. फोन कुणी केला? मुळात कुणाला केला होता? तो का उचलला गेला नाही? लाइन बिझी होती, माणूस जागेवर नव्हता, की त्याने स्वतःच सगळे फोन वळवून ठेवले होते? या तीन प्रश्नांची उत्तरे व्हॉइसमेलला पहिल्या सेकंदात मिळाली, तर ते योग्य माणसाच्या आवाजातले स्वागत ऐकवते आणि निरोप योग्य पेटीत टाकते. उत्तरे मिळाली नाहीत, तर फोन करणाऱ्याला यंत्र विचारते, ‘कृपया मेलबॉक्स क्रमांक टाका.’ बाहेरच्या ग्राहकाने तो क्रमांक कुठून आणायचा? तो फोन ठेवून देतो. चौथी गोष्ट उलट दिशेने जाते. निरोप आला की फोनवरचा दिवा लागला पाहिजे आणि ऐकून झाला की विझला पाहिजे. या चार गोष्टी पोचवणे म्हणजे इंटिग्रेशन, आणि या पुस्तकाची बहुतेक पाने त्यांच्यावरच खर्च झाली आहेत.

ही माहिती एके काळी माणसाच्या डोक्यात असे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे 1882 साली टेलिफोन एक्स्चेंजे सुरू झाली, तेव्हा प्रत्येक कॉल ऑपरेटरच्या हातून जाई. पुढे ऑफिसांत बोर्ड आले, तरी बोर्ड नंबरवर आलेला फोन ऑपरेटरच घेई. साहेब मीटिंगमध्ये आहेत, परब रजेवर आहेत, पुण्याहून तिसऱ्यांदा फोन आला आहे, हे तिला ठाऊक असे. निरोप ती वहीत लिही, नाव आणि वेळ घालून, आणि शिपायाबरोबर चिठ्ठी वर पाठवी. कोण, कुणासाठी, का, आणि निरोप आल्याची वर्दी ही चारही कामे एक माणूस करत होता. ऑपरेटरवर अवलंबून राहणे संपवण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत आल्मन स्ट्रोजर यांनी केला. त्यांच्या स्वयंचलित एक्स्चेंजला 1891 मध्ये पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात ते सुरू झाले. त्याने कॉल जोडण्याचे काम यंत्राकडे गेले. ऑपरेटरची स्मरणशक्ती मात्र यंत्राकडे यायला आणखी जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

आयबीएमच्या संशोधन केंद्रात स्टीफन बोइस आणि सहकाऱ्यांनी 1973 च्या सुमारास संगणकात बोललेले निरोप साठवण्याची यंत्रणा उभी करायला घेतली होती. ऑफिसांसाठी विकण्याजोगे व्हॉइसमेल मात्र टेक्सासमधल्या गॉर्डन मॅथ्यूज यांच्या नावाशी जोडले जाते. त्यांनी 1979 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, 1983 मध्ये ते मिळाले, आणि त्यांच्या व्हीएमएक्स कंपनीचे पहिले मोठे गिऱ्हाईक होते थ्रीएम. 1982 साली बॉब कोहन आणि पीटर ओल्सन यांनी कॅलिफोर्नियात ऑक्टेल सुरू केली. तिने पुढे 1995 मध्ये व्हीएमएक्सच विकत घेतली, आणि 1997 मध्ये ल्यूसेंटने ऑक्टेल घेतली. नावांची ही साखळी एका व्यावहारिक कारणासाठी सांगतो. जुन्या ऑफिसांच्या टेलिफोन खोलीत जे कपाट दिसते, त्याच्यावरचे नाव आणि त्याच्या मॅन्युअलवरचे नाव अनेकदा वेगळे असते. मधल्या काळात कंपनी विकली गेलेली असते, आणि नेमके हवे ते मॅन्युअल शोधायचे तर हा इतिहास ठाऊक असावा लागतो.

आपल्याकडे ईपीएबीएक्स जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचला तो 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या दूरसंचार संशोधन संस्थेमुळे. तिच्या सुरुवातीच्या उत्पादनांत 128 पोर्टचे ईपीएबीएक्स होते आणि त्याचे तंत्र परवान्यावर खासगी कारखान्यांना दिले गेले. सहकारी बँका, साखर कारखाने, महाविद्यालये, इस्पितळे इथे इंटरकॉम आला तो त्या लाटेत. 1992 मध्ये व्हॉइसमेलची सेवा खासगी क्षेत्राला खुली झाली. तरी आपल्या ऑफिसांत व्हॉइसमेल अमेरिकेसारखे रुजले नाही. ऑपरेटर आणि शिपाई होते तोवर त्याची निकड भासली नाही, आणि ते कमी होऊ लागले तेव्हा मोबाइल हातात आला होता. आज गरज वेगळ्या वाटेने परत आली आहे. इस्पितळाच्या अपॉइंटमेंट डेस्कवर, बँकेच्या शाखेत, महाविद्यालयाच्या प्रवेशकक्षात येणारा फोन हा संस्थेला आलेला फोन असतो. तो कुणा एकाच्या मोबाइलवर वळवून भागत नाही. न उचललेल्या फोनचा निरोप ईमेलमध्ये यावा आणि जो कुणी ड्यूटीवर आहे त्याने तो ऐकावा, ही मागणी रास्त आहे. ती आयपीवरचे व्हॉइसमेलच नीट पुरी करू शकते.

आता जोडणीकडे. ईपीएबीएक्सला व्हॉइसमेल हे यंत्र म्हणून कधी दिसलेच नाही. त्याला दिसते ती काही एक्स्टेंशन्सची ओळ, एका हंट ग्रुपमध्ये बांधलेली. कॉल वळवला की तो त्या ओळीतल्या पहिल्या मोकळ्या एक्स्टेंशनवर जातो. त्याच्यापुढे ईपीएबीएक्सची जबाबदारी संपते. म्हणून माहिती नेण्यासाठी वेगळी वाट काढावी लागली. तिच्यातली सर्वांत जुनी आणि अजून जिवंत असलेली वाट म्हणजे एसएमडीआय. बेलकोअरने प्रमाणित केलेली ही पद्धत म्हणजे ईपीएबीएक्समधून निघालेली एक सीरियल केबल, वेग बहुधा सेकंदाला 1200 बिट. प्रत्येक कॉलमागे तिच्यावरून एक ओळ जाते. ‘एमडी’ ही दोन अक्षरे, मग मेसेज डेस्कचा तीन आकडी क्रमांक, कॉल कुठल्या पोर्टवर पाठवला त्याचा चार आकडी क्रमांक, मग एक अक्षर, मग ज्याच्यासाठी फोन होता ते एक्स्टेंशन, आणि शेवटी फोन करणाऱ्याचा नंबर. मधले अक्षर कारण सांगते. ‘बी’ म्हणजे बिझी, ‘एन’ म्हणजे उचलला नाही, ‘ए’ म्हणजे सगळे फोन वळवलेले, ‘डी’ म्हणजे थेट व्हॉइसमेललाच केलेला फोन. उलट दिशेने व्हॉइसमेल दिवा लावण्याची किंवा विझवण्याची छोटी आज्ञा पाठवते. आवाजाला सेकंदाला 64,000 बिट लागतात आणि त्याला अर्थ देणारी माहिती 1200 च्या केबलवरून आरामात जाते. कामाची खरी अडचण वेगाची नाही, हे यावरून कळावे.

या पद्धतीत एक धोका आहे आणि तो समजून घेतला पाहिजे. आवाज एका तारेने जातो, माहिती दुसऱ्या तारेने. दोघांची गाठ फक्त पोर्टच्या क्रमांकावर पडते. तारा जोडण्याच्या क्रोनच्या पट्टीवर दोन जोड्यांची अदलाबदल झाली, तर माहिती सांगेल ‘पोर्ट तीन’ आणि आवाज वाजेल पोर्ट चारवर. मग एकाचा निरोप दुसऱ्याच्या पेटीत पडतो. कुठलाही अलार्म वाजत नाही, सगळे दिवे हिरवे असतात, आणि दुपारी गर्दीच्या वेळीच चूक दिसते, कारण एका वेळी एकच कॉल असला तर तो बहुधा पहिल्या पोर्टवरच जातो. म्हणून एसएमडीआयची चाचणी एका फोनने करू नये. सगळे पोर्ट एकाच वेळी भरून करावी. हा मुद्दा पुस्तकात तीन ठिकाणी आला आहे आणि तो मुद्दाम ठेवला आहे.

ज्यांच्याकडे सीरियल केबलची सोय नाही अशा लहान ईपीएबीएक्समध्ये माहिती आवाजाच्याच तारेवरून जाते. व्हॉइसमेलने फोन उचलताच ईपीएबीएक्स त्याला काही डीटीएमएफ आकडे (फोनच्या बटनांचे सूर) ऐकवतो: एक कोड आणि ज्याच्यासाठी फोन आहे ते एक्स्टेंशन. आपल्याकडच्या लहान यंत्रणांत हीच पद्धत सर्रास दिसते. स्वस्त आहे, चालते. फक्त मूळ कॉल कुणाचा होता हे ती पुष्कळदा सांगू शकत नाही.

सगळ्यांत कल्पक वाट मात्र तिसरी आहे आणि तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. मोठ्या कंपन्यांचे डिजिटल फोनसेट आठवा, छोट्या पडद्याचे, बाजूला बटनांची रांग असलेले. प्रत्येक कंपनीची ईपीएबीएक्स आणि सेट यांच्यामधली बोली वेगळी आणि गुप्त. अव्हायाचा सेट नॉर्टेलवर चालणार नाही, सीमेन्सचा एनईसीवर चालणार नाही. पण त्या पडद्यावर काय दिसते? ‘4102 साठी, 4217 कडून, उत्तर नाही.’ म्हणजे आपल्याला हवी ती सगळी माहिती ईपीएबीएक्स रोज, न मागता, पडद्यावर लिहीत असतो. मग एखाद्या यंत्राने डिजिटल सेटचे सोंग घेतले तर? ईपीएबीएक्सला वाटावे की पलीकडे नेहमीचाच टेबलफोन आहे. यंत्राने पडद्यावरची अक्षरे वाचावीत, त्यांतून तीन उत्तरे वेचावीत, आणि दिवा लावायचा असेल तेव्हा सेटवरून माणूस दाबतो तीच बटने दाबावीत.

आयपीचे युग आले तेव्हा या तंत्राला दुसरा जन्म मिळाला. इंटेलच्या आणि पुढे डायलॉजिकच्या नावाने आलेले पीबीएक्स-आयपी मीडिया गेटवे नेमके हेच करत. एका बाजूला आठ पोर्ट, प्रत्येक पोर्ट एका डिजिटल सेटचे सोंग घेतलेला. दुसऱ्या बाजूला लॅनची एक केबल. ईपीएबीएक्समध्ये एकही कार्ड वाढवायचे नाही, सॉफ्टवेअरचा परवाना घ्यायचा नाही, मूळ उत्पादकाला काही विचारायचे नाही. आठ मोकळी डिजिटल एक्स्टेंशन्स असली की झाले. सिस्को युनिटी या व्हॉइसमेल यंत्रणेच्या अनेक जोडण्या या गेटवेवर झाल्या. याचा दोष एवढाच की वाचन पडद्याच्या मजकुरावर टेकलेले आहे. कुणी ईपीएबीएक्सच्या प्रोग्रॅमिंगमध्ये पडद्याची भाषा बदलली, एक्स्टेंशनच्या जागी नाव दाखवायला सुरुवात केली, की वेचणी चुकते. तरीही ज्या ऑफिसात ईपीएबीएक्सचा उत्पादक आता अस्तित्वातच नाही, तिथे मी आजही प्रथम हीच वाट सुचवतो. बंद दारे असलेल्या यंत्राकडून त्याची कुलपे न तोडता माहिती मिळवण्याचा इतका शहाणा मार्ग टेलिफोनच्या इतिहासात थोडाच सापडतो.

पीआरआय ही डिजिटल लाइन ज्यांच्याकडे आहे त्यांचे काम सोपे. ई-1 जोडणीत 30 आवाजाच्या वाहिन्या आणि सिग्नलिंगसाठी एक वेगळी वाहिनी असते. तिच्यावरून कॉलचे मूळ, कारण, सगळे नीट अक्षरांत जाते. ईपीएबीएक्सना आपसांत जोडणारी क्यूसिग ही सिग्नलिंगची पद्धत चालू असेल तर दिव्याची आज्ञासुद्धा. फक्त ‘क्यूसिग आहे’ या विक्रेत्याच्या शब्दावर थांबू नये. क्यूसिगमधल्या कुठल्या सेवा चालू आहेत, वळवलेल्या कॉलचा मूळ नंबर येतो का, दिव्याची सेवा परवान्यात आहे का, हे लेखी घ्यावे.

आयपीच्या बाजूला हीच चार प्रकारची माहिती एसआयपी या कॉल जोडण्याच्या प्रमाणाच्या संदेशांत बसवावी लागते. एसआयपीचा पहिला प्रमाण मसुदा मार्च 1999 चा, आजचा जून 2002 चा, आरएफसी 3261. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की त्या मूळ मसुद्यात ‘हा कॉल कुणाकडून वळून आला’ हे सांगायला जागाच नव्हती. तिच्यासाठी ‘डायव्हर्जन’ नावाची ओळ अनेक उत्पादकांनी आपापल्या यंत्रांत वापरायला सुरुवात केली. तिला आरएफसी क्रमांक मिळाला तो 2010 मध्ये, आणि तोही ‘ऐतिहासिक’ असा शिक्का मारून, कारण तोपर्यंत ‘हिस्टरी-इन्फो’ ही अधिकृत ओळ 2005 पासून अस्तित्वात होती. परिणाम असा की बाजारात दोन्ही चालतात. गेटवे एक पाठवतो, सर्व्हर दुसरी शोधतो, आणि फोन करणाऱ्याच्या कानावर पुन्हा तेच येते: ‘कृपया मेलबॉक्स क्रमांक टाका.’ दिव्यासाठी ऑगस्ट 2004 चा आरएफसी 3842 आहे. त्यात सर्व्हर फोनला कळवतो की निरोप आहेत किंवा नाहीत, नवे किती, जुने किती.

हे सगळे एकत्र कसे येते, हे दाखवायला पुस्तकात एक उदाहरण सविस्तर घेतले आहे: मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या 2007 च्या आवृत्तीतले युनिफाइड मेसेजिंग. निरोप थेट ईमेलच्या इनबॉक्समध्ये, एका फाइलच्या रूपात. जुन्या ईपीएबीएक्सला ते जोडायला गेटवे लागे, आणि गेटवेला एसआयपी टीसीपीवरून बोलावे लागे. यूडीपीची सवय असलेल्यांचे पुष्कळ तास तिथेच गेले. कल्पना उत्तम होती. पण त्या आवृत्तीत फोनवरचा दिवा लावण्याची सोय अंगभूत नव्हती, ती 2010 च्या आवृत्तीत आली. जे लोक दिवसभर संगणकासमोर नसतात, म्हणजे वॉर्डातली परिचारिका, गोदामातला सुपरवायझर, त्यांना निरोप आल्याचे तोवर कळतच नव्हते. पुढे 2019 च्या आवृत्तीतून ही सारी सोयच काढून टाकण्यात आली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये ऑनलाइन सेवेतलीही ती बंद झाली. ज्या ईपीएबीएक्सला ‘जुनाट’ म्हणून हिणवले होते, तो अनेक ठिकाणी त्यानंतरही चालूच राहिला.

यातून मी काढलेला निष्कर्ष हा की साठवणाऱ्या यंत्रणेवर जीव लावू नये, मधल्या जोडणीच्या प्रमाणांवर लावावा. गेटवेच्या आयपी बाजूला सरळ एसआयपी असेल, तर मागचा सर्व्हर उद्या बदलता येतो. म्हणून पुस्तकाचा प्रयोगांचा भाग अ‍ॅस्टरिस्कवर आधारलेला आहे. मार्क स्पेन्सर यांनी 1999 मध्ये अमेरिकेत सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालते, त्यात व्हॉइसमेल तयार असते, निरोप ईमेलला जोडून पाठवता येतो, आणि दिव्याची सूचनाही जाते. शिकणाऱ्याला पैसे न घालता सगळे उघडून पाहता येते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण टोनवर आहे. ते वाचून कुणाला वाटेल की इतक्या किरकोळ गोष्टीला इतकी पाने कशाला. पण अ‍ॅनालॉग पोर्टवर फोन करणाऱ्याने रिसीव्हर ठेवला हे व्हॉइसमेलला कुणी सांगत नाही. त्याला फक्त बिझी टोन ऐकू येतो. आपला बिझी टोन 400 हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. अमेरिकेचा 480 आणि 620 हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. गेटवेच्या मांडणीत देश अमेरिका राहिला, तर तो आपला टोन ओळखत नाही. मग वीस सेकंदांच्या निरोपामागे तीन मिनिटांची टूं-टूं रेकॉर्ड होते, पोर्ट तेवढा वेळ अडकून राहतो, आणि चार-पाच असे कॉल झाले की सगळी यंत्रणा बिझी लागते. लोक म्हणतात व्हॉइसमेल बंद पडले. बंद काहीच पडलेले नसते. गेटवेच्या त्याच मांडणीत आणखी एक ओळ असते: आवाजाची बांधणी. भारतात आणि युरोपात ए-लॉ, अमेरिकेत म्यू-लॉ. दोन टोकांना वेगवेगळी निवडली तर आवाज येतो, पण घोगरा आणि फाटलेला.

डीटीएमएफचेही तसेच. पाच हा आकडा म्हणजे 770 आणि 1336 हर्ट्झ यांची जोडी. बँडविड्थ वाचवण्यासाठी जी.729 सारखे कोडेक लावले की आवाज कळतो, पण ही जोडी शुद्ध राहत नाही, आणि पासवर्ड चुकीचा ठरतो. उपाय म्हणजे आकडे आवाजातून काढून वेगळ्या पॅकेटमध्ये पाठवणे, आरएफसी 4733 सांगते तसे. मात्र आवाजातून काढायला विसरले, तर एकच आकडा दोनदा पोचतो. लॅनवर बँडविड्थची टंचाई नसते. तिथे 64,000 बिटांचे जी.711 ठेवावे आणि हा प्रश्न उद्भवूच देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मराठी सूचनांबद्दल या पुस्तकात एक प्रकरण आहे. अशा पुस्तकांत ते सहसा नसते. इंग्रजीत शंभराच्या आतले सगळे आकडे बोलायला 28 ध्वनिफिती पुरतात. वीसपर्यंतचे, मग दहा-दहांचे, आणि जोडत जायचे. मराठीत एकोणसत्तर, त्र्याहत्तर, अठ्ठ्याण्णव यांतला प्रत्येक वेगळाच रेकॉर्ड करावा लागतो. वेळ सांगताना सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच आले. ‘एक नवा निरोप’ पण ‘दोन नवे निरोप’. इंग्रजीचा सांगाडा घेऊन त्यात मराठी फिती भरल्या की यंत्र ‘सत्तर तीन’ म्हणते आणि ऐकणारा इंग्रजीचे बटन दाबतो. शंभर आकडे एका बैठकीत एकाच आवाजात रेकॉर्ड करायला एक सकाळ लागते. ती सकाळ द्यावी. खेड्यातून इस्पितळाला फोन करणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत बरोबर आकडा ऐकू येणे ही सवलत नाही, त्याचा तो हक्क आहे.

सुरक्षेवर कमी लिहिले आहे, पण ते वगळू नका. ब्रिटनमध्ये पत्रकारांनी लोकांचे मोबाइल व्हॉइसमेल चोरून ऐकल्याचे प्रकरण उघड झाले आणि जुलै 2011 मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे साप्ताहिक बंद पडले. त्यात पुष्कळदा उपयोगी पडला तो कारखान्यातून आलेला, कधी न बदललेला पासवर्ड. ऑफिसात याच्या जोडीला आर्थिक धोका असतो. व्हॉइसमेलच्या पोर्टला बाहेरची लाइन घेण्याची मुभा राहिली, तर रात्री कुणीतरी त्याच्यामार्फत परदेशी फोन लावतो आणि बिल महिनाअखेरीस कळते. ईपीएबीएक्सच्या प्रोग्रॅमिंगमध्ये या पोर्टांची बाहेरची लाइन बंद करावी. कायद्याच्या अंगाने, सार्वजनिक टेलिफोन जाळे आणि आयपीवरचे खासगी जाळे एकाच ईपीएबीएक्समध्ये मिसळण्यावर आपल्याकडे अनेक वर्षे कडक बंधने होती. कॉल सेंटरांसारख्या सेवांसाठी ती नोव्हेंबर 2020 आणि जून 2021 मध्ये बरीच सैल झाली, पण टोल चुकवण्यासाठी जाळी जोडणे आजही चालत नाही. आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर सर्व्हरवर साठलेला रुग्णाचा निरोप ही त्या रुग्णाची माहिती आहे, हे इस्पितळांनी ध्यानात ठेवावे.

मग जुना ईपीएबीएक्स ठेवायचाच कशाला, असे तरुण इंजिनिअर विचारतात. प्रश्न योग्य आहे. ब्रिटनने आपले जुने टेलिफोन जाळे जानेवारी 2027 पर्यंत बंद करायचे ठरवले आहे. दिशा सगळीकडे तीच आहे. पण चारशे खाटांच्या इस्पितळात भिंतींतून गेलेली तांब्याची तार, वीज गेल्यावरही 48 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे फोन, आणि ते वापरायची सवय झालेली माणसे यांची किंमत कोटेशनमध्ये दिसत नाही. सगळे एका उन्हाळ्यात उपटण्यापेक्षा आधी व्हॉइसमेल आयपीवर न्यावे, मग एकेक विभाग, आणि ईपीएबीएक्स शेवटी. ज्या यंत्राला सुटे भाग मिळत नाहीत आणि ज्याची बॅटरी फुगली आहे, ते मात्र आजच काढा. तिथे गेटवेवर खर्च करणे वाया आहे. गेटवे लावाल तिथे गेटवे, लॅनचा स्विच आणि सर्व्हर तिघेही एकाच यूपीएसवर घ्या, आणि सर्व्हर बंद पडला तर न उचललेला कॉल ऑपरेटरकडे जाईल अशी तजवीज ईपीएबीएक्समध्ये करून ठेवा.

वाचकाला एक विनंती. गेटवेची ऑर्डर देण्याआधी आपल्या ईपीएबीएक्सचे मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, मोकळे पोर्ट आणि एक्स्टेंशनची पूर्ण यादी एका कागदावर लिहून काढा. मग विक्रेत्यासमोर चार कॉल करून दाखवायला सांगा: एक बिझी असताना, एक न उचललेला, एक वळवलेला, आणि एक स्वतःचे निरोप ऐकण्यासाठी केलेला. प्रत्येकात बरोबर स्वागत ऐकू आले, बरोबर पेटीत निरोप पडला, दिवा लागला आणि ऐकल्यावर विझला, तरच बिलावर सही करा.